फळ्यावरचा हिशोब

शाळेच्या दोन नव्या खोल्यांचं छत पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागलं आणि त्या छतामुळे आम्ही नऊ जण एकत्र आलो. काही पालक, एक निवृत्त सर्व्हेअर काका, शिवणकाम करणाऱ्या एक ताई, बांधकामावर रोजाने जाणारे दोघे भाऊ, कॉलेजात शिकणारा एक मुलगा. मी एका लहान कंपनीत हिशोब लिहिते, म्हणून वही माझ्याकडे आली. स्थानिक कामांतला भ्रष्टाचार शोधणाऱ्या लहान गटांना पैसा कसा मिळतो, तो आल्यावर गटात काय होतं आणि तो नेमका कुठे लागतो, हे मी त्या वहीतून शिकले. लढ्याबद्दल सगळे बोलतात, खर्चाबद्दल बोलायला माणसं संकोचतात. म्हणून हे लिहिते आहे.

पहिले सहा महिने वर्गणीवर चाललो. माहितीच्या अधिकारात अर्ज करून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं तारखेसह जिथे लिहितात ती वही) आणि देयकं यांच्या प्रती मागवल्या. गठ्ठा हातात आला तेव्हा काकांशिवाय कुणालाच त्यातलं काही कळेना. काका दोन रात्री बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, छताचं मोजमाप ज्या तारखेला घेतल्याची नोंद होती, तो दिवस साप्ताहिक सुट्टीचा होता. दोन, छतात बारा मिलिमीटर जाडीच्या सळया दीडशे मिलिमीटर अंतराने घातल्याचं लिहिलं होतं. "कागदावर आहे हे," काका म्हणाले. "छतात काय आहे, ते कोण बघणार?"

तिथे आमचं घोडं अडलं. काँक्रीट पडल्यावर सळई दिसत नाही. ती शोधणारं यंत्र असतं, छतावरून फिरवलं की आतली सळई कुठून कुठे गेली आहे ते कळतं. ते भाड्याने मिळतं, पण ते चालवायला आणि अहवालावर सही करायला पात्रता असलेला अभियंता लागतो. काँक्रीटची ताकद तपासायची तर त्यातून नळीसारखा तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून फोडावा लागतो. या सगळ्याला वर्गणी पुरणार नव्हती.

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. दोघे भाऊ बैठकांना येईनासे झाले होते. आम्हाला वाटलं, उत्साह संपला. ताई त्यांच्या घरी जाऊन आल्या. कार्यालयात गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे त्यांचा एक रोज बुडत होता. आम्ही पगारी माणसं अर्धी रजा टाकून जायचो, महिनाअखेरीस पगार तेवढाच यायचा. ते मात्र आमच्यापेक्षा कितीतरी पट वर्गणी देत होते आणि वहीत त्याची नोंद कुठेच नव्हती. मी खजिनदार होते आणि हे मला दिसलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाहेरून निधी घ्यावा का, यावर आमच्या चार बैठका झाल्या. काकांचा ठाम विरोध होता. त्यांनी राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचं उदाहरण दिलं. ही संघटना १ मे १९९० रोजी उभी राहिली, डिसेंबर १९९४ मध्ये तिने कोटकिराना इथे पहिली जनसुनावणी, म्हणजे कामांचे कागद लोकांसमोर वाचून जाब विचारणारी सभा, घेतली, तिथून माहितीच्या अधिकाराची चळवळ देशभर गेली आणि २००५ साली कायदा झाला. हे सगळं संस्थात्मक निधी न घेता, व्यक्तींनी दिलेल्या देणग्यांवर आणि किमान वेतनाइतक्या मानधनावर काम करणाऱ्या माणसांच्या बळावर झालं. "पैसा आला की पैशासाठी माणसं येतात," काका म्हणाले. "आणि समोरचा पहिला प्रश्न विचारतो, तुम्हाला कोण पोसतं?"

ताईंनी उत्तर दिलं ते माझ्या अजून लक्षात आहे. "त्यांच्या कार्यकर्त्यांना मानधन होतं ना? मग या दोन भावांना काय आहे?" निधी घ्यायचा हे त्या वाक्यावर ठरलं. शर्ती मात्र काकांच्या. पगार कुणालाच नाही. बुडालेल्या दिवसाची भरपाई फक्त ज्यांचा रोज बुडतो त्यांना आणि तीही नेहमीच्या मजुरीच्या दरानेच, एक पैसा जास्त नाही. आणि आलेला-गेलेला सगळा पैसा सार्वजनिक जागी, फळ्यावर.

असा निधी देणाऱ्या संस्था जगात फार नाहीत, पण आहेत. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था १९९३ साली बर्लिनमध्ये सुरू झाली, ती भ्रष्टाचाराविरुद्ध काम करते हे अनेकांना माहीत असतं. नागरी गटांना लहान लहान अनुदानं देणारा पार्टनरशिप फॉर ट्रान्स्परन्सी फंड २००० च्या सुमारास उभा राहिला. जागतिक बँकेनेही २०१२ मध्ये सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे लोकांनी सरकारकडे हिशोब मागण्याच्या कामासाठी स्वतंत्र निधी सुरू केला. आम्ही ज्यांच्याकडे गेलो तो निधी यांच्यापुढे अगदी लहान होता. त्याचं नाव इथे देत नाही, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात तक्रारही आहे.

पहिला अर्ज मी लिहिला आणि तो नाकारला गेला. उद्दिष्ट म्हणून मी लिहिलं होतं, 'परिसरातील भ्रष्टाचाराचे निर्मूलन व जनजागृती'. तो लिहिताना मला तो फार चांगला वाटला होता. छाननी करणाऱ्या बाईंनी नकार कळवायला स्वतः फोन केला, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही नक्की काय मोजणार आहात, ते अर्जात कुठेच नाही. वर्षाच्या शेवटी मी काय बघून म्हणायचं, की काम झालं?"

मग त्यांनी फिलिपिन्सचं उदाहरण सांगितलं. तिथे २००३ साली नागरी गटांनी शाळांना येणाऱ्या पाठ्यपुस्तकांवर नजर ठेवायला सुरुवात केली. स्काउटच्या मुलामुलींनी शाळेत प्रत्यक्ष किती पुस्तकं पोचली ते मोजलं. पुस्तकं कुणालाही मोजता येतात. तक्ता तयार होता, आकडा खरा की खोटा हे तिथल्या तिथे कळत होतं. मला एकदम दिशा सापडली. दुसरा अर्ज आम्ही सगळ्यांनी मिळून एका रविवारी लिहिला. त्यात निर्मूलन हा शब्दच नव्हता. चौदा सार्वजनिक कामांची यादी होती आणि प्रत्येकापुढे काय मोजायचं ते होतं. छतात सळयांचं अंतर, रस्त्यात थराची जाडी, नालीत उतार, हजेरीपत्रकात नावं आणि त्या नावांची माणसं.

मुलाखतीला तिघं बसले होते. त्यातल्या एकांनी इंडोनेशियातल्या अभ्यासाबद्दल विचारलं. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी तिथल्या ६०० हून अधिक खेड्यांत रस्त्यांची कामं तपासली होती. अभियंत्यांनी रस्ते खणून साहित्य किती वापरलं त्याचा अंदाज घेतला आणि तो कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिला. सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं जिथे आधी सांगितलं होतं, तिथे गायब होणारा पैसा सुमारे ८ टक्केबिंदूंनी घटला. लोकांना बैठकांना बोलावून देखरेख वाढवली, तिथे सरासरी परिणाम फारसा दिसला नाही. "मग आम्ही तुमच्यासारख्या गटांवर पैसा का खर्च करावा?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. धाकटा भाऊ बोलला. तो म्हणाला, "साहेब, बैठकीला बोलावल्यावर आम्ही काय बघणार? रस्ता वरून काळाच दिसतो. खणायची परवानगी, टेप आणि सोबत सही करणारा इंजिनिअर द्या, मग बोलू." मला वाटतं, त्या अभ्यासाचं यापेक्षा चांगलं वाचन मी नंतरही ऐकलं नाही. माणसं जमवणं वेगळं आणि जमलेल्या माणसांच्या हातात मोजायचं साधन देणं वेगळं. त्याच मुलाखतीत आम्ही हेही कबूल केलं, की आमचा अहवाल सरकारी लेखापरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. तो लेखापरीक्षकाच्या टेबलावर जायला हवा आणि त्याचा पाठपुरावा व्हायला हवा. निधी मंजूर झाला.

मंजूर झाला म्हणजे आला नाही. आमचा गट नोंदणीकृत नव्हता, त्यामुळे पैसा एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून यायचा होता. करार, ठराव, दोन सह्यांचं खातं, सनदी लेखापालाचं पत्र. या पायऱ्या गरजेच्याच आहेत, त्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती वेळेला. पहिला हप्ता साडेतीन महिने उशिरा आला, आणि बांधकामात साडेतीन महिने म्हणजे फार मोठा काळ असतो.

दरम्यान यादीतल्या आरोग्य उपकेंद्राच्या इमारतीचं छत तयार होत होतं. थोरला भाऊ संध्याकाळी धावत आला. सळया बांधून झाल्या आहेत, उद्या सकाळी दहाला काँक्रीट. एकदा काँक्रीट पडलं की आमचं सगळं काम पुन्हा यंत्रावर, अभियंत्यावर आणि प्रयोगशाळेवर जाणार होतं. खात्यात निधी नव्हता. वर्गणीतली जी शिल्लक होती ती मी रात्रीच काढली. सकाळी सातला पाच जण जागेवर पोचले. काकांनी टेप धरला, ताईंनी वही, कॉलेजच्या मुलाने टेपसकट फोटो घेतले. सळया दीडशेऐवजी दोनशे मिलिमीटर अंतराने होत्या. दर चार सळयांमागे एक नव्हतीच. कामावरच्या शाखा अभियंत्याला काकांनी शांतपणे वही दाखवली आणि तिची प्रत लेखी अर्जासोबत त्याच्या हातात दिली. त्या दिवशी काँक्रीट पडलं नाही. संध्याकाळपर्यंत आणखी सळया आल्या, जुन्या सोडून नव्या अंतराने बांधल्या गेल्या आणि दोन दिवसांनी छताचं काँक्रीट पडलं.

कुणावर कारवाई झाली नाही, बातमी आली नाही, सुनावणी झाली नाही. पाच जणांचा प्रवास आणि तिघांचे रोज, एवढाच खर्च. तीन वर्षांतलं आमचं सगळ्यात उपयोगी काम तेच होतं आणि ते निधीच्या पैशातून झालंच नाही, कारण निधी तेव्हा कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी थांबला होता. निधी देणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं: छोटी रक्कम द्या, पण अशी द्या की रात्री आठला ठरलं तर सकाळी सातला खर्च करता येईल.

हप्ता आल्यावर नवेच प्रश्न आले. मंजूर अंदाजपत्रकात कार्यशाळा, बॅनर, पत्रकं, अल्पोपाहार यांना सहज जागा होती. बुडालेल्या रोजाच्या भरपाईला जागा नव्हती. 'स्वयंसेवकांना पैसे देता येत नाहीत' असा शेरा आला. मी सलग तीन पत्रं लिहिली. स्वयंसेवा ही पगारदाराला परवडते, रोजंदारीवरच्या माणसाला ती फुकट करायला सांगणं म्हणजे त्याला वगळणंच आहे, आणि ज्या कामात हजेरीपत्रकातली खोटी नावं शोधायची आहेत, त्यात त्या मजुरांइतकं जाणकार दुसरं कुणी नाही, हे मांडलं. शेवटी त्याच छाननीच्या बाईंनी खर्चाचं एक वेगळं शीर्ष उघडून दिलं: 'क्षेत्रीय मोजणी, मनुष्यदिवस'. त्यानंतर दोघे भाऊ एकही मोजणी चुकले नाहीत.

आता एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. पाचव्या महिन्यात पावत्या लावताना मला प्रवासखर्चाचं एक व्हाउचर दिसलं. कॉलेजच्या मुलाने प्रती आणायला कार्यालयात गेल्याचं लिहिलं होतं. त्या दिवशी कार्यालय बंद होतं. रक्कम अगदी किरकोळ होती. मी तीन दिवस गप्प राहिले. मुलगा गुणी होता, सगळ्यांत जास्त धावपळ त्याचीच होती. रक्कम माझ्या खिशातून भरून विषय मिटवावा, असंही मनात आलं. शेवटी काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण मोजमाप पुस्तकातली तारीख पकडली ती अशीच ना?"

बैठकीत विचारल्यावर त्याने लगेच कबूल केलं. आधीच्या दोन फेऱ्यांचे पैसे मागायचे राहिले होते, ते त्याने असे भरून काढले होते. म्हणजे त्याने वर काहीच घेतलं नव्हतं, तरी कागद खोटा होता. व्हाउचर रद्द झालं, रक्कम परत आली आणि फळ्यावर ती ओळ जशीच्या तशी लिहिली गेली: चुकीचं व्हाउचर, रद्द, वसूल. निधी देणाऱ्यांनाही आम्ही ते स्वतःहून कळवलं. पुढचा हप्ता अडेल अशी भीती होती. तो अडला नाही, उलट यावेळी वेळेवर आला. त्या दिवसापासून प्रत्येक व्हाउचरवर दोन सह्या असतात, एक जाणाऱ्याची आणि एक त्याला जाताना पाहणाऱ्याची.

शाळेच्या छतावर यंत्र फिरलं, नमुने फुटले, अहवाल आला. सळयांचं अंतर इथेही दोनशेच्या आसपास होतं, काँक्रीटची ताकद ठरल्यापेक्षा कमी. जनसुनावणीचा दिवस ठरला. शाळेच्याच मैदानात दोनशेच्या वर माणसं आली, आणि कंत्राटदाराची माणसंही. काकांनी वर्षापूर्वी सांगितलेला प्रश्न अगदी त्याच शब्दांत आला, "तुम्हाला कोण पोसतं?" पण तो प्रश्न यायच्या आधीच आम्ही सुरुवात आमच्या हिशोबाने केली होती. निधी कुणाकडून, किती, कोणत्या तारखेला, कशावर गेला, शिल्लक किती. रद्द झालेलं व्हाउचरही वाचलं. ती ओळ वगळू नका, असं त्या मुलानेच सांगितलं होतं. प्रश्न विचारणाऱ्याला मागून कुणीतरी म्हणालं, "वाचून झालं की त्यांचं, आता तुमचं वाचा."

युगांडाची गोष्ट मला तिथे उभी असताना आठवत होती. १९९१ ते १९९५ या काळात तिथल्या प्राथमिक शाळांसाठी सरकारने पाठवलेल्या अनुदानातला सरासरी १३ टक्केच पैसा शाळांपर्यंत पोचत होता, असं पाहणीत आढळलं. मग शाळांना किती पैसा निघाला हे वृत्तपत्रांत छापायला आणि शाळांच्या दारांवर लावायला सुरुवात झाली. काही वर्षांत ते प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. त्यात इतर सुधारणांचाही वाटा होता, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि ते खरंच असणार. नुसता कागद चिकटवून काही होत नाही. पण कागद दारावर असला की मुख्याध्यापकाला आणि पालकाला एकच आकडा माहीत असतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज त्याने बदलतो. आमच्या मैदानात तो बदललेला आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

निकाल सांगायचा तर अर्धाच आहे. आठ महिन्यांनी वसुलीचा आदेश निघाला, शाळेच्या छताखाली नव्या तुळया घातल्या गेल्या, गळती थांबली. एका अधिकाऱ्याची बदली झाली, शिक्षा कुणाला झाली नाही. यादीतल्या चौदापैकी सहा कामांत आम्हाला फरक सापडला, तीन कामांत काहीच सापडलं नाही आणि तसं आम्ही फळ्यावर लिहिलं. उरलेल्या पाचांच्या प्रती आजपर्यंत मिळालेल्या नाहीत, अपिलं चालू आहेत.

वर्षअखेरीच्या अहवालात 'किती लोक जागृत झाले' असा रकाना होता. मी तिथे आकडा लिहिला नाही. आरोग्य उपकेंद्राच्या छताची हकीकत लिहिली, फोटो जोडले आणि तो खर्च वर्गणीचा होता हेही लिहिलं. नंतरच्या वर्षीच्या करारात दहा टक्के रक्कम 'तातडीची मोजणी' म्हणून आगाऊ मिळाली. ती रक्कम कोण उचलणार, किती तासांत हिशोब देणार, हे आम्ही आधी लिहून दिलं होतं.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका मोठ्या निधीकडून निरोप आला. पाचपट रक्कम, चाळीस ठिकाणी काम, पगारी समन्वयक, गाडी. दोन बैठका झाल्या आणि दोन्ही कडवट झाल्या. ज्यांना हो म्हणायचं होतं त्यांचं म्हणणं मी आजही खोटं ठरवू शकत नाही. चाळीस ठिकाणी छतं गळत होतीच. पण फळा एक होता आणि तो रोज वाचणारी माणसं एका जागची होती. चाळीस ठिकाणचा हिशोब त्या माणसांना पाहता आला नसता, तो एका कार्यालयात आणि एका सनदी लेखापालाकडे गेला असता. आम्ही नाही म्हणालो. दोघं जण गट सोडून गेले आणि त्यांनी वेगळं काम सुरू केलं. त्यांच्यातल्या एकाला मी मध्यंतरी मोजमाप पुस्तक कसं वाचायचं ते शिकवायला गेले होते.

आता आमचा अर्धा खर्च वर्गणीतून आणि अर्धा निधीतून चालतो. बाहेरचा पैसा अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा ठराव आहे. काकांची दृष्टी आता अधू झाली आहे, मोजमाप पुस्तक ताई वाचतात. त्या सळईची जाडी व्हर्नियर कॅलिपरने घेतात आणि बोलताना मोजमाप पुस्तकाला एमबी म्हणतात, कार्यालयातल्या माणसांसारख्या.

येत्या मंगळवारी एका लहान पुलाच्या पायाचं काँक्रीट आहे. पाच जण जाणार आहेत. त्यातल्या दोघांचा रोज बुडणार, त्यांची नावं आणि दर ताईंनी काल संध्याकाळीच फळ्यावर लिहिले. सहीची जागा मोकळी ठेवली आहे.